‘स्टेबल’ म्हणजे बरं नव्हे



गेल्या दोन खेपांना आपण स्वयंपाकघरातले आणि बाजारहाटाचे इंग्रजी शब्द पाहिले. त्यावर तुमची बरीच पत्रं आली आणि त्यांतल्या निम्म्या पत्रांत एकच मागणी होती : मुलांच्या प्रगतिपुस्तकातले शेरे समजावून सांगा. एका भगिनीने तर मुलीच्या प्रगतिपुस्तकातले शेरे जसेच्या तसे उतरवून पाठवले आहेत. ‘वीक इन मॅथ्स. नीड्स इम्प्रूव्हमेंट. हँडरायटिंग फेअर.’ खाली त्यांनी लिहिलंय, “पहिली दोन वाक्यं नीटशी कळली नाहीत, पण शेवटचं कळलं. अक्षर छान आहे म्हणतात.”

हसू नका बरं का! हा घोटाळा त्या एकट्या बाईंचा नाही. ‘फेअर’ हा शब्द आपल्याला भेटतो तो स्थळांच्या जाहिरातीत. तिथे त्याचा अर्थ गोरी, उजळ. मग प्रगतिपुस्तकातही तो काहीतरी चांगलंच सांगत असणार असं कुणालाही वाटेल. पण शेऱ्यांच्या उतरंडीत हा शब्द बराच खाली बसतो. एक्सलंट म्हणजे उत्कृष्ट, त्याखाली व्हेरी गुड, मग गुड, मग सॅटिस्फॅक्टरी म्हणजे समाधानकारक, आणि फेअर म्हणजे बेताचंच, ठीकठीक. शाळेशाळेत एखादी पायरी इकडेतिकडे होते, पण ‘फेअर’ म्हणजे कौतुक नव्हे एवढं पक्कं धरा. आणि ‘वीक’ म्हणजे कच्ची. स्पेलिंग मात्र सांभाळा हं! डब्ल्यू-ई-ई-के हा आठवडा, आणि डब्ल्यू-ई-ए-के हा अशक्तपणा. कानाला दोन्ही सारखेच. तुमच्या हातातलं हे साप्ताहिक म्हणजे ‘वीकली’. त्यात एका ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला की झालं ‘अशक्तपणे’!

तर या खेपेला ताकदीचे आणि सुधारणेचे शब्द घेऊ. हे शब्द प्रगतिपुस्तकात आहेत, औषधाच्या पट्टीवर आहेत, पिठाच्या पिशवीवर आहेत, आणि दवाखान्यात तर आहेतच आहेत. त्यांतल्या एका शब्दाने मला काय धडा दिला ते आधी सांगते. कुणाला सांगायला मला अजूनही जड जातं, पण हे सदर लिहायला घेतलं तेव्हाच ठरवलं होतं, की एक दिवस हे लिहायचं.

२०१७ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. मामंजींना न्यूमोनिया झाला म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं, अतिदक्षता विभागात. रात्री हे थांबत, दिवसा मी. वन्सं नागपूरला. त्यांचा फोन दिवसातून चारदा. मंगळवारी त्यांनी बॅग भरून ठेवली होती. महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघायचं, दुसऱ्या दिवशी साताऱ्याला पोचायचं. पण मुलीची चाचणी परीक्षा चाललेली, म्हणून त्यांचाही पाय घरातून निघेना.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले. मागे दोन सिस्टर, हातात कागद. मामंजींना तपासलं, सिस्टरशी इंग्रजीत बोलले आणि जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, “ही इज स्टेबल नाउ.” मी मान डोलावली. ‘स्टेबल’ म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत शिकले होते तो ‘स्टेबल’ म्हणजे घोड्याचा तबेला. पण डॉक्टरांचा चेहरा शांत होता, स्वर बरा होता, आणि पुढे ‘नाउ’ म्हणाले होते. म्हणजे आता बरं आहे, असा अर्थ मी माझा लावला. विचारायला काय झालं होतं? झालं होतं हेच, की मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ का होईना शिकवणारी, आणि शेजारच्या पेशंटच्या चार बायका बाकावर बसून ऐकत होत्या. त्यांच्यादेखत “स्टेबल म्हणजे काय हो?” असं विचारायची लाज वाटली.

मी वन्संना फोन लावला. म्हटलं, “वन्सं, डॉक्टर आत्ताच सांगून गेले, बाबा बरे आहेत. धावपळ करू नका. मुलीचे पेपर होऊ द्या, शनिवारी निघा सावकाश.” वन्संनी बॅग परत ठेवून दिली.

बुधवारी दुपारी मामंजींनी डोळे उघडले. मास्क बाजूला करत विचारलं, “ताई आली का?” मी म्हटलं, “येताहेत शनिवारी.” त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्याच रात्री ते गेले.

मंगळवारी निघाल्या असत्या तर बुधवारी वन्संची त्यांच्याशी भेट झाली असती. एवढा सरळ हिशेब आहे. वन्सं मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मीही मनाची समजूत घातली, की डॉक्टरच बरं म्हणाले होते, मग आमचं नशीब. दोन-तीन महिन्यांनी पाचवीच्या वर्गावर घोड्याचा धडा होता. त्यात ‘स्टेबल’ आला. मुलांना अर्थ सांगण्याआधी खात्री करावी म्हणून डिक्शनरी उघडली. तबेला हा अर्थ होताच, पण तो एकटा नव्हता. दुसरा होता : स्थिर, न बदलणारा. पुढचा तास मी मुलांना शुद्धलेखन घातलं आणि खुर्चीत नुसती बसून राहिले.

आता हा शब्द आपण नीट पाहू, म्हणजे तुमची कुणाची अशी फसगत व्हायला नको. ‘स्टेबल’ म्हणजे आहे तसं, आहे तिथे टिकलेलं. चढलंही नाही, उतरलंही नाही. पेशंट कालपर्यंत घसरत होता आणि आज घसरायचा थांबला, तरी डॉक्टर म्हणतील स्टेबल. ताप उतरला असं त्यात नाही, धोका टळला असंही नाही. ‘क्रिटिकल बट स्टेबल’ हे दोन शब्द जोडीनेही येतात, म्हणजे प्रकृती नाजूकच आहे, पण या घटकेला तशीच टिकून आहे. गंमत अशी, की हा शब्द आपल्याला इतका परका नाही. लॅटिनमधला ‘स्टाबिलिस’ हा त्याचा पूर्वज, आणि त्याचं आणि आपल्या संस्कृत ‘स्था’ धातूचं मूळ एकच. त्या ‘स्था’पासून आपला स्थिर, स्थान, स्थिती. घोड्याचा ‘स्टेबल’ही त्याच घरातला, उभं राहायची जागा. आपण नाही का घोड्याचं ‘ठाण’ म्हणत, तेही ‘स्थान’पासूनच. म्हणजे ‘ठाण’ आणि ‘स्थिर’ हे दोन मराठी शब्द मला येत होते. त्यांच्यावरून मी पोचले असते तिथे. पण इंग्रजी शब्द कानावर पडला की आपण आपली मराठी अक्कल गहाण ठेवतो, त्याला काय करायचं!

दवाखान्यातले बाकीचे शब्दही याच पानावर लिहून घ्या. ‘इम्प्रूव्हिंग’ म्हणजे सुधारतंय. ‘बेटर’ म्हणजे आधीपेक्षा बरं. कशापेक्षा ते मात्र विचारा, कालपेक्षा की आणलं तेव्हापेक्षा. ‘आउट ऑफ डेंजर’ म्हणजे धोका टळला. ‘रिस्पॉन्डिंग टू ट्रीटमेंट’ म्हणजे औषध लागू पडतंय. ‘प्रोग्नोसिस’ म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज, आणि त्याला ‘गार्डेड’ हा शब्द जोडला असेल तर डॉक्टरांना खात्री देववत नाही असं समजा. हा शब्द ऐकला की लांबच्या माणसांना कळवायला उशीर करू नका.

‘ट्रीट’, ‘क्युअर’ आणि ‘हील’ यांतही गल्लत होते. ट्रीट म्हणजे उपचार करणं. उपचार केले म्हणजे रोग गेला असं नव्हे. क्युअर म्हणजे रोग बरा करणं. हील म्हणजे जखम भरून येणं, ती आतून आपली आपण भरते. मधुमेहाला, रक्तदाबाला ट्रीटमेंट असते आणि ती बहुतेक वेळा वर्षानुवर्षं घ्यावी लागते. म्हणून ‘ट्रीटमेंट झाली, आता गोळ्या कशाला’ असं म्हणणाऱ्या यजमानांना हा फरक जरूर सांगा. रिकव्हर म्हणजे आजारातून उठणं, गेलेली ताकद परत मिळवणं. बुडालेले पैसे वसूल होतात त्यालाही इंग्रजीत रिकव्हरच म्हणतात, यावरून अर्थ चांगला लक्षात राहतो.

आणि डॉक्टरांना काय विचारायचं? मी आता तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून बरोबर नेते. कालपेक्षा सुधारणा आहे का? धोका टळला का? बाहेरगावच्या माणसांना बोलावून घेऊ का? तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. तो विचारला की डॉक्टरही क्षणभर थांबून विचार करून उत्तर देतात. हे प्रश्न इंग्रजीतच विचारले पाहिजेत असं मुळीच नाही. ‘डॉक्टर, मराठीत सांगा’ असं म्हणायला कसली आली लाज? आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर आपल्यासारखेच मराठी बोलणारे असतात, फक्त दिवसभर इंग्रजी पुस्तकातले शब्द तोंडात बसलेले.

आता जरा हलक्या शब्दांकडे वळू. ताकदीचा पहिला शब्द ‘स्ट्राँग’. त्याचं नाम ‘स्ट्रेंग्थ’ आणि क्रियापद ‘स्ट्रेंग्थन’. स्ट्रेंग्थचं स्पेलिंग पाहून माझ्या वर्गातली मुलं घाबरतात. आठ अक्षरं आणि त्यांत स्वर एकच, बिचारा ‘ई’. पण एक किल्ली सांगते. लाँगचं लेंग्थ होतं, तसंच स्ट्राँगचं स्ट्रेंग्थ. ‘ओ’ गेला, ‘ई’ आला आणि शेवटी ‘टीएच’. मराठीत आपण लांबची लांबी, रुंदची रुंदी, उंचची उंची करतो ना? इंग्रजीत वाइडची विड्थ, ब्रॉडची ब्रेड्थ, डीपची डेप्थ. आपली ‘ई’, त्यांची ‘टीएच’. आणि पुढे ‘ईएन’ लावला की ‘तसं करणं’. लेंग्थन म्हणजे लांब करणं, विड्थ सोडून वाइडनच धरा, म्हणजे रुंद करणं, सॉफ्टन म्हणजे मऊ करणं, थिकन म्हणजे दाट करणं. आमटी पातळ झाली आणि चमचाभर डाळीचं पीठ लावलंत, की तुम्ही ‘थिकन’ केलंत. स्ट्रेंग्थन म्हणजे बळकट करणं. एक किल्ली सापडली की पाच-सहा दारं उघडतात.

पण ‘स्ट्राँग’ हा एकच शब्द इंग्रजी माणूस कुठे कुठे वापरतो पाहा. स्ट्राँग टी म्हणजे कडक चहा. स्ट्राँग स्मेल म्हणजे उग्र वास. स्ट्राँग विंड म्हणजे सोसाट्याचा वारा. स्ट्राँग रोप म्हणजे मजबूत दोर. आपल्याला मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द लागतो. मजबूत चहा म्हणून बघा, घरातले हसतील. आणि वारा ‘स्ट्राँग’ असला तरी पाऊस ‘स्ट्राँग’ नसतो बरं का, तो ‘हेवी’. चहाला ‘पॉवरफुल’ही म्हणत नाहीत, मोटारीच्या इंजिनाला म्हणतात. याला नियम नाही. कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो हे ऐकून ऐकूनच कळतं, जसं आपल्याला भात ‘करपतो’ आणि दूध ‘नासतं’ हे कुणी शिकवलेलं नसतं.

उलट बाजूने पाहिलं तर मराठीतली ताकदीची श्रीमंती तोंडात बोट घालायला लावते. दणकट, बळकट, भक्कम, कणखर, खंबीर, चिवट, धडधाकट. यांतला एकेक शब्द घेऊन मी दुपारच्या मंडळात इंग्रजी शब्द शोधायला सांगते. आम्ही सात-आठ जणी बुधवारी दुपारी आमच्या ओसरीवर जमतो, नाव मोठं म्हणून ‘मंडळ’, एरवी शेंगा सोलत चाललेल्या गप्पाच. दणकट म्हणजे ‘स्टर्डी’, पाय न डुगडुगणारं टेबल. चिवट म्हणजे ‘टफ’, मग तो न शिजणारा मटणाचा तुकडा असो की हार न मानणारं माणूस. भक्कमला ‘सॉलिड’. खंबीरला ‘फर्म’, हातात हात घट्ट धरला तरी फर्म आणि मुलाला एकदा ‘नाही’ म्हटलं की ‘नाही’च, तरी फर्म. कणखरला आमच्यात अजून एकमत नाही. एकीने ‘हार्ड’ सुचवला. त्यावर दुसरी म्हणाली, “हार्ड म्हणजे माझ्या सासूबाई, कणखर म्हणजे माझी आई!” तेव्हापासून तो शब्द तसाच ठेवलाय.

आता किल्ल्याकडे या. आमच्या साताऱ्यात डोक्यावर अजिंक्यतारा आहे, म्हणून ‘फोर्ट’ आम्हाला सांगावा लागत नाही. लॅटिनमध्ये ‘फोर्टिस’ म्हणजे बळकट. बळकट जागा ती फोर्ट. त्याचीच नातवंडं-पतवंडं घरभर पसरली आहेत. दुधाच्या, तेलाच्या, पिठाच्या पिशवीवर ‘फोर्टिफाइड’ लिहिलेलं आणि शेजारी अधिक चिन्ह आणि इंग्रजी ‘एफ’ पाहिलं असेल. म्हणजे त्यात वरून पोषक द्रव्यं घालून ते कसदार केलेलं. दुधात आणि तेलात ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वं, गव्हाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२. औषधाच्या नावापुढे ‘फोर्टे’ असतं, तेव्हा ते साध्यापेक्षा जास्त ताकदीचं असतं. ‘एफर्ट’ म्हणजे प्रयत्न, त्यातही तोच फोर्टिस. आणि ‘कम्फर्ट’! आपल्याला कम्फर्ट म्हटलं की मऊ गादी आठवते. पण मूळचा अर्थ बळ देणं. दुःखात असलेल्या माणसाजवळ बसून त्याला धीर द्यायचा, तो कम्फर्ट. मामंजींच्या दिवसांत शेजारच्या काकू रोज पिठलं-भाकरी घेऊन यायच्या आणि काही न बोलता वाढायच्या. हा अर्थ डिक्शनरीत वाचला तेव्हा मला त्या आठवल्या. एवढं मात्र ध्यानात ठेवा, की ‘फोर्टी’ आणि ‘फोर्टनाइट’ यांचा किल्ल्याशी काही संबंध नाही. फोर्टी म्हणजे चाळीस, आणि फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री, पंधरवडा.

औषधाच्या पट्टीवरची ‘स्ट्रेंग्थ’ मात्र गमतीत घालवू नका. तिथे स्ट्रेंग्थ म्हणजे एका गोळीत किंवा एका चमच्यात मूळ औषध किती. मुलांच्या तापाच्या पॅरासिटामॉलच्या बाटल्या घ्या. एकीत पाच मिलीलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीत तेवढ्याच मापात २५०. नाव तेच, रंगही बऱ्याचदा तोच. पुढे ‘डीएस’ लिहिलेलं असेल तर ते ‘डबल स्ट्रेंग्थ’. मागच्या वेळी एक चमचा दिला होता म्हणून याही वेळी एक चमचा दिला, तर पोराच्या पोटात दुप्पट औषध जातं. दुकानदार “हे नाही, ते घ्या, एकच आहे” म्हणाला तर आधी आकडा वाचा आणि माप डॉक्टरांना विचारूनच द्या. इंग्रजी येवो न येवो, आकडा तर आपल्याला वाचता येतो ना?

राहिला सुधारणेचा शब्द. ‘इम्प्रूव्ह’ हा मूळचा पैशाअडक्याचा. जुन्या फ्रेंचमधल्या ‘नफा’ या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला, आणि जमिनीतून जास्त उत्पन्न काढणं अशा अर्थाने वापरला जाई. आपणही ‘जमीन सुधारली’ म्हणतोच की! पण आपला ‘सुधारणे’ फार कामसू. चूक सुधारणे, जमीन सुधारणे, प्रकृती सुधारणे, स्वभाव सुधारणे, समाज सुधारणे, सगळं एकाच शब्दात. इंग्रजीत चूक ‘करेक्ट’ करतात. प्रकृती आणि अक्षर ‘इम्प्रूव्ह’ होतं. फाटलेलं ‘मेंड’ करतात. मिक्सर बिघडला तर ‘रिपेअर’. आणि समाज सुधारायचा तो ‘रिफॉर्म’. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, त्या नावातला सुधारक म्हणजे रिफॉर्मर. त्या पत्रात मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही असे, आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत.

प्रगतिपुस्तकातल्या ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’चा अर्थ आता कळला ना? सुधारणेला वाव आहे, सुधारणा हवी आहे. मूल वाया गेलं असं त्यात कुठेही नाही. तो शेरा वाचून मुलीच्या पाठीत धपाटा घालण्याआधी बाईंना भेटा आणि विचारा, “कशात? पाढ्यांत, की गणित वाचून समजण्यात?” मी स्वतः शिक्षिका आहे, म्हणून सांगते, शेरे लिहिताना आम्ही साठ-सत्तर पुस्तकं पुढ्यात घेऊन बसलेलो असतो. तेव्हा तेच तीन शब्द हात आपोआप लिहितो. आई येऊन नेमकं विचारते, तेव्हा कुठे त्या एका मुलीचा विचार करायला आम्ही थांबतो. पत्र पाठवणाऱ्या भगिनींनो, तुम्ही जरूर जा.

आता हे शिकायचं कसं? पुष्कळजणी विचारतात, एवढा वेळ कुठला? आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. मराठी शाळांत ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली, तेव्हा माझी पिढी थोडक्यात हुकली. तुमच्यातल्या पुष्कळजणींचं तसंच असेल. मी करते ते सांगते. आठवड्याला पाच शब्द, जास्त नाहीत. डब्यांच्या फळीला आतून कागद चिकटवायचा, वर इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ, आणि त्याखाली आपल्या घरातलं एक वाक्य. पुस्तकातलं वाक्य नको. ‘टफ’पुढे मी लिहिलंय, ‘आमची मोलकरीण फार टफ आहे’, आणि तिला वाचूनही दाखवलंय. ती खूश झाली आणि पगारवाढ मागितली! मुलांकडून उच्चार करून घ्या. त्यांनी चूक काढली तर रागावू नका. आईची चूक काढायला मिळते म्हणून ती आनंदाने शिकवतात.

घरचे चेष्टा करतील, करू द्या. रमाबाई रानड्यांचं लग्न झालं १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच मराठी आणि मग इंग्रजी शिकवलं, आणि त्यापायी घरातल्या बायकांची बोलणी त्यांनी किती सोसली ते त्यांच्या १९१० साली निघालेल्या आठवणींच्या पुस्तकात आहे. मिळालं तर वाचाच. आपल्याला फार तर “काय, मॅडम!” एवढंच ऐकून घ्यावं लागतं.

वन्संना मी ती ‘स्टेबल’ची गोष्ट त्याच वर्षी दिवाळीत सांगितली. फराळाचं करत होतो. झाऱ्यावर चकली घेऊन त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, मी असते तरी मलाही तेच वाटलं असतं.” पुढे काही बोलल्या नाहीत, मीही नाही. चकल्यांचा तो घाणा मात्र करपला.

गेल्या वर्षी भावजींची बायपास झाली, नागपूरलाच. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संचा फोन आला. म्हणाल्या, “डॉक्टर आले होते. म्हणाले, स्टेबल. मी म्हटलं, ते कळलं, पण कालपेक्षा बरं आहे का? आणि माझ्या भावाला साताऱ्याहून बोलावू का?” मी विचारलं, “मग काय म्हणाले?” तर म्हणाल्या, “म्हणाले, बरं आहे, पण बोलावलंत तर तुम्हाला सोबत होईल. तेव्हा तुम्ही दोघं या.”

आम्ही त्याच दिवशी गाडी पकडली.

पुढच्या खेपेला बँकेतले आणि पोस्टातले शब्द घेऊ. तोवर घरातल्या औषधांच्या डब्यातल्या पट्ट्या बाहेर काढा, प्रत्येकीवरची ‘स्ट्रेंग्थ’ वाचा आणि जिची मुदत संपली असेल ती टाकून द्या.